समुद्रकाठच्या निवांत शहरात राहण्याचे सुख नेमके कशात असते?

सातरस्ता_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार. माझा जन्म सोलापूरचा, शिक्षण सोलापूरचे आणि नोकरीचा बहुतेक काळही सोलापुरातच गेला. आता एकावन्नाव्या वर्षी बदलीची वेळ आली असून माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत: पुण्याच्या एका उपनगरातली शाखा किंवा रत्नागिरी. मुलगा शिक्षणासाठी बाहेर आहे, त्यामुळे जायचे ते आम्ही दोघांनीच. सगळे नातेवाईक पुण्याच्या बाजूने आहेत. माझे मन मात्र रत्नागिरीकडे ओढ घेते आणि तसे का होते हे कोणी विचारले तर मला धड सांगता येत नाही.

रत्नागिरीला मी तीनदा गेलो आहे, पण तिन्ही वेळा पाहुण्यासारखा. गणपतीपुळे, पावस, थिबा राजवाडा, भाट्याच्या किनाऱ्यावर तासभर, आणि येताना आंब्याची पेटी. पाहुण्याचे सुख आणि रहिवाशाचे सुख एक नसते, एवढे मला कळते. आपल्या गड्ड्याच्या यात्रेला येणारा माणूस नंदीध्वज पाहतो, शेंगाचटणी आणि चादर घेतो आणि खूश होऊन परत जातो. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली रात्र काढायला तो काही थांबत नाही. म्हणून ज्यांनी अशा शहरात काही वर्षे संसार केला आहे, त्यांनाच विचारतो. सुट्टी नाही, पाहुणे नाहीत, एखादा साधा मंगळवार आहे, अशा दिवशी तिथे कोणते सुख वाट्याला येते? आणि दोन-तीन वर्षांनी ते विटून जाते का?

आमच्या सौभाग्यवतींनी घेतलेला आक्षेपही इथे मांडतो, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिचे म्हणणे असे, की सोलापूर तरी कुठे धावते आहे? उन्हाळ्यात दुपारी एक ते चार नवी पेठेत कुत्रेसुद्धा रस्ता ओलांडत नाही. निवांतपणाच हवा असेल, तर त्यासाठी साडेतीनशे किलोमीटर सामान हलवण्याचे कारण काय?

निवृत्त_मास्तर यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नापेक्षा तुमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न मला अधिक आवडला, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. मी रत्नागिरीत अकरा वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर सोलापूरला परतलो. दोन्ही गावे संथ आहेत, पण त्या संथपणाची कुळी वेगळी आहे. सोलापूरची दुपार शांत असते ती उन्हाच्या भीतीने. आपण दारे-खिडक्या ओढून घेऊन लपून बसतो आणि ऊन उतरण्याची वाट पाहतो. शिवाय हे मूळचे गिरण्यांचे गाव. तीन पाळ्यांचे भोंगे ऐकत ज्याच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्या गावाच्या अंगात घड्याळ मुरलेले असते. गिरण्या बंद पडल्या तरी ती सवय सुटलेली नाही. त्यात पाणी काही दिवसांआड येणार म्हटले, की माणूस पहाटे तीनला उठून मोटर लावतो. याला निवांतपणा म्हणता येणार नाही, हा नाइलाज आहे.

रत्नागिरीत गेल्यावर पहिले काही महिने मी चिडचिड करत होतो. न्हाणीघराचा नळ गळत होता, म्हणून एका कारागिराला सांगितले. तो ‘उद्या येतो’ म्हणाला आणि चौथ्या दिवशी उगवला. मी सोलापुरी पद्धतीने त्याला चार शब्द ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की शिमग्याची पालखी वाडीत आली होती, पालखी दारात असताना घर सोडून कसे येणार? त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेशही नव्हता आणि थोडा विचार केल्यावर तो असायचे कारणही मला दिसेना. नळ चार दिवस जास्त गळला, एवढेच. पुढे ग्रामदैवत भैरीच्या पालखीसाठी मीच वर्ग लवकर सोडू लागलो.

आता समुद्राविषयी. समुद्र दिसतो हे सुख आहेच, पण ते महिन्याभरात अंगवळणी पडते. त्याच्यापेक्षा टिकाऊ सुख भरती-ओहोटीचे आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. त्यामुळे किनाऱ्यावर चालणाऱ्या माणसाचा कालचा दिवस आजच्यासारखा नसतो. काल सकाळी सहाला जी ओली, टणक वाळू चालायला मिळाली, ती आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असते. आपल्याला मग पाण्याच्या वेळेप्रमाणे फिरायला जावे लागते. पाणी आपल्या वेळेप्रमाणे येत नाही. हे एकदा मान्य केले, की डोक्यातली बरीच घाई आपोआप ओसरते.

माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मला भरतीची वेळ काढण्याचा हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणावे, येईल त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असणार आणि मधे, बाराच्या आसपास, पूर्ण उतरलेले. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण फिरायला जाणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेली पाऊणकी चाळिशी उलटून गेल्यावर उपयोगी पडली, याचा मला आजही आनंद वाटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तिथे उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग. कॅलेंडरवरची तिथी पाहून मांडवीला जायचे की भाट्याला हे ठरवणे, ही माझ्या मते त्या शहरातल्या रहिवाशाची खरी श्रीमंती. (मांडवीची वाळू काळी आहे आणि खाडीपलीकडे भाट्याची पांढरट. दोन्हींच्या मधे फक्त खाडीचे तोंड आहे.)

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, पण सोलापुरात राहून ते कळणे शक्य नव्हते. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. त्यामुळे दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि रात्री जमीन आधी निवली की उलटा वाहतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा रत्नागिरीत तो तेहतीस-चौतिसाच्या आसपास घुटमळतो. घाम मात्र इतका येतो, की हा आकडा सांगून मी कोणाला फसवू इच्छित नाही. सकाळी दहा-साडेदहाला सगळे निपचित असते, झावळी हलत नाही, आणि मग अकरा-साडेअकराला पडदा पहिल्यांदा हलतो. तो क्षण ओळखायला शिकलात, की तुम्ही तिथले झालात.

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसावे. माझ्या आठवणीत तिथे रोज तीच वीस-पंचवीस माणसे असत. कोणी कोणाशी फारसे बोलत नसे. सूर्य बुडाला, की ‘चला’ असे एक जण म्हणे आणि सगळे उठत. सोलापुरात एखादा माणूस रोज तासभर नुसता बसलेला दिसला, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी काळजीने विचारेल, ‘काय झालंय, घरी सगळं ठीक ना?’ आपल्या माणसांचा तो जिव्हाळाच आहे, पण नुसते बसण्याला कारण लागत नाही अशा गावात राहिल्यावर त्या जिव्हाळ्याचा जरा भारच वाटू लागतो.

आणखी एक, वाचनाची आवड असेल तर. तिथले नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. पावसाळ्यात संध्याकाळी बाहेर पडणे अशक्य होते, तेव्हा दोन महिन्यांत माझे जेवढे वाचून झाले, तेवढे सोलापुरात वर्षभरात झाले नव्हते.

माहेर_मांडवी यांचे उत्तर

मास्तरांचे उत्तर वाचून माहेरी जाऊन आल्यासारखे वाटले, तरी एक दुरुस्ती सुचवते. मी रत्नागिरीत जन्मले आणि गेली एकोणीस वर्षे सोलापुरात, सासरी आहे. आम्ही तिथले लोक समुद्राकडे टक लावून बसत नाही. माझ्या आजीने आयुष्यभर समुद्राच्या आवाजात झोप घेतली, पण नारळी पौर्णिमेखेरीज ती मुद्दाम किनाऱ्यावर गेल्याचे मला आठवत नाही. समुद्र आम्हाला घराच्या जोत्यासारखा, सतत असणारा. तो नसल्यावर काय होते ते मला लग्नानंतर कळले. सोलापुरातल्या पहिल्या काही महिन्यांत मला रात्री जाग येई आणि काहीतरी बंद पडले आहे असे वाटत राही. पंखा चालू असे, घड्याळ चालू असे. बंद पडली होती ती लाटांची गाज, हे लक्षात यायला बरेच दिवस लागले.

साध्या मंगळवारचे सुख विचारलेत, तर माझे उत्तर मासळीचे आहे. सोलापुरात आपण उजनीच्या पाण्यातले रोहू-कटला खातो आणि ते वाईट नसतात. समुद्राचे मासे बर्फात प्रवास करून येतात. रत्नागिरीत आदल्या दिवशी ‘उद्या सुरमई करू’ असे कोणी ठरवत नाही. मिरकरवाड्याला होड्या लागल्या, की काय उतरले आहे ते कळते आणि त्यावर घरचे जेवण ठरते. बांगडा आला तर बांगडा, सौंदाळे आले तर सौंदाळे, काहीच नाही तर खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. मनात एक धरून जावे आणि हातात दुसरे घेऊन यावे, हे लहानपणापासून इतके झाले, की हव्या त्या गोष्टीसाठी हटून बसण्याची सवयच आम्हाला लागली नाही. सोलापूरच्या सासूबाईंना माझा हा स्वभाव सुरुवातीला आळशीपणा वाटायचा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत फळीवरची सुकट, सुके बोंबील, आंबोशी, कुळीथ हे सगळे बाहेर निघते. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन नव्या हंगामाची सुरुवात होते आणि पहिली ताजी मासळी घरात येते त्या दिवशीची भूक मला इथे कधी लागलेली नाही. वर्षभर सगळे मिळणाऱ्या शहरात ती लागणारही नाही.

आंब्याविषयी तुम्हाला एक गंमत सांगते. हापूस विकायचा असतो, म्हणून बागायतदाराच्या घरी उत्तम फळ पेटीत जाते आणि घरच्यांच्या वाट्याला पडलेले, डागी किंवा वानरांनी चावलेले येते. आमचे खरे आंबे रायवळ. दुपारी बादलीभर पाण्यात टाकायचे आणि मागच्या पडवीत बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखायचे. ज्या घरात आंब्यांची अढी घातलेली असते, त्या घरात एप्रिल-मे महिन्यात झोपायला मिळणे हेही एक सुखच आहे; काळोखात नुसत्या वासावरून कोणत्या कोपऱ्यातला आंबा तयार झाला ते आई सांगायची.

आता थोडे कडू बोलते, कारण ‘निवांत शहर’ हा शब्द मला नेहमी टोचतो. निवांत कोणासाठी? पहाटे तीनला होडीवर चढणारा खलाशी निवांत नसतो आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी मासेवालीही नसते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी दहावी-बारावीनंतर मुंबई गाठली. आमच्या आळीत गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस सोडले, तर कुलूप लागलेली घरे मोजावी लागत नाहीत, दिसतातच. रस्त्यावर गर्दी नाही याचे एक कारण, गर्दी करायला हवी ती माणसे बाहेर गेली, हेही आहे. पगार महिन्याच्या महिन्याला जमा होणाऱ्या माणसाला ते शहर फार सुख देते. तुम्ही त्यातले आहात, तेव्हा अवश्य जा. फक्त तिथल्या माणसांच्या संथपणाला आळस म्हणू नका आणि संतपणाही म्हणू नका.

घर घेताना मारुती मंदिर, साळवी स्टॉपच्या बाजूला वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घ्यावे की खाली किनाऱ्याजवळ, हा प्रश्न पडेल. खाली गाज ऐकू येते आणि फ्रिजला गंज चढतो. वर दोन्ही कमी.

कडक_भाकरी यांचे उत्तर

माहेरवाशिणीने थोडे कडू बोलून घेतले आहे, तेव्हा मी उरलेले बोलतो. मी तीन वर्षे राहिलो आणि बदलीचा अर्ज देऊन परत आलो.

इतिहास पाहा. १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध केले, तेही रत्नागिरीतच. ज्याला शिक्षा द्यायची त्याला सरकार जिथे नेऊन ठेवत होते, तिथे तुम्ही सामान बांधून स्वखुशीने निघाला आहात, एवढेच मी नम्रपणे लक्षात आणून देतो.

विनोद बाजूला ठेवतो. सोलापूरचा वार्षिक पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला. रत्नागिरीचा तीन हजारांच्या वर. हे आकडे वाचताना काही वाटत नाही. पण सोलापुरी चादर जुलैत धुवून पाहा. आमच्या घरी ती पाचव्या दिवशीही ओली होती, सहाव्या दिवशी तिला वास यायला लागला आणि पुन्हा धुवावी लागली. त्यानंतर आम्ही ऑक्टोबरची वाट पाहिली. आईने करून दिलेल्या कडक भाकऱ्या इथे महिनाभर खडखडीत राहतात, तिथे दुसऱ्या दिवशी त्यांचे वातडे झाले. शेंगाचटणीचा गोळा होतो. चामड्याच्या बुटांवर बुरशी, कपाटाच्या दाराला फुगवटा, मिठाच्या बरणीत पाणी. आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यात कित्येक वाड्यांवर पाण्याची ओरड असते, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि उतारावरून सगळे समुद्रात जाते. सोलापूरच्या माणसाला हे पाहून हसावे की रडावे ते कळत नाही.

आईच्या उपचारांसाठी आम्हाला दोनदा कोल्हापूर गाठावे लागले, तेही भर पावसात, आंबा घाटातल्या धुक्यातून. निवांत शहराचा हा खर्च तुमच्या हिशेबात धरा. तुम्ही दोघे पन्नाशीचे आहात, सोबत वृद्ध आई-वडील नसतील तर फरक पडणार नाही. असतील तर दहा वेळा विचार करा.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. सप्टेंबरात पाऊस उघडझाप करू लागला, की शहराच्या बाहेर जांभ्याच्या सड्यावर इवल्या इवल्या फुलांचा गालिचा पसरतो आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी कोरून ठेवलेली चित्रे आहेत. उक्षीचा हत्ती मी प्रथम पाहिला तेव्हा आजूबाजूला एकही माणूस नव्हता, चहाची टपरी नव्हती, फक्त वारा होता. इतका मोठा हत्ती कातळावर कोरणाऱ्याला कसलीही घाई नव्हती, एवढे मला तिथे उभे राहून समजले. रत्नागिरीची आठवण येते ती त्या सड्याची. समुद्राची अजिबात येत नाही.

सातरस्ता_सोलापूर

तिघांचेही मनापासून आभार. मास्तरांचे उत्तर मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. भोंग्याचा उल्लेख आल्यावर तिने हातातले काम थांबवले, कारण तिचे वडील गिरणीत होते आणि भोंगा झाला की घरात कोणाला बोलायचीही परवानगी नसे. चादरीचा परिच्छेद मात्र तिने स्वतः दोनदा वाचला, आणि तो वाचताना मला तो वगळता आला असता तर बरे झाले असते असे वाटले.

वृद्ध आई-वडिलांची अडचण आता उरलेली नाही. एक नवीन शंका अशी, की आम्ही दोघे पूर्ण शाकाहारी आहोत. ताईंनी जे सुख सांगितले त्याचा मोठा भाग मासळीचा आहे. मग आमच्या वाट्याला काय उरते?

ज्वारीवाला यांचे उत्तर

शाकाहाऱ्याच्या वाट्याला पुष्कळ उरते. मी माळकरी असून रत्नागिरीत पाच वर्षे राहिलो आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, त्यानंतर कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, पावसाळ्यात कुळथाचे पिठले आणि गरम भात, श्रावणात हळदीच्या पानातले पातोळे, आणि बाराही महिने आमसुलाचे सार. आपल्याकडे भाजीला शेंगदाण्याचा कूट लागतो तसा तिथे नारळ लागतो, एवढा बदल जिभेने स्वीकारला की झाले. मला तो स्वीकारायला दीड वर्ष लागले.

खरी अडचण भाकरीची येते. तिथे भाताचे राज्य आहे आणि ज्वारी मनासारखी मिळत नाही. मी दर दिवाळीला मंगळवेढ्याची मालदांडी घेऊन जात असे. पहिल्या वर्षी हौसेने अख्खे पोते नेले आणि श्रावणापर्यंत त्याला दमट वास येऊन किडे झाले. तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी थोडी थोडी न्यावी, आणि पीठ दळून तर मुळीच नेऊ नये. रस्ता सोयीचा आहे: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा. ज्वारीसाठी वाट वाकडी करावी लागत नाही, एवढे आपले नशीब.

आणि हो, हुरडा विसरा. जानेवारीत आपल्याकडचे लोक शेतावर हुरडा खात असल्याचे फोटो पाठवतात. त्या महिन्यात मी फोन बंद ठेवायचो.

निवृत्त_मास्तर

सुख विटते का, हा तुमचा दुसरा प्रश्न तसाच राहिला होता. माझ्यापुरते सांगायचे, तर तिसऱ्या वर्षी विटले होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मला सतत वाटे, की जग पुढे चालले आहे आणि आपण पागोळ्या मोजत बसलो आहोत. मग गणपतीला चाकरमानी आले. वीस वर्षे मुंबईत काढलेला शेजाऱ्यांचा मुलगा चार दिवस ओटीवर पागोळ्यांकडे पाहत बसला होता. मी त्याला विचारले, ‘कंटाळा येत नाही?’ तो म्हणाला, ‘सर, याच्यासाठी तर वर्षभराची रजा साठवली.’ त्या संध्याकाळी मी मांडवीला गेलो. भरती होती, पाऊस थांबला होता आणि नेहमीची माणसे नेहमीच्या जागी बसली होती. पुढची आठ वर्षे कशी गेली ते कळले नाही.

कडक_भाकरी यांच्या तक्रारी मात्र शंभर टक्के खऱ्या आहेत. चादरी तुम्ही इथेच ठेवून जा.

सातरस्ता_सोलापूर

आमचे असे ठरले आहे, की होकार कळवण्याआधी दोन दिवस रत्नागिरीला जाऊन राहायचे, तेही रविवार सोडून, आणि प्रेक्षणीय असे काहीही पाहायचे नाही. सौभाग्यवतींनी कॅलेंडर काढून पाहिले. आम्ही पोहोचू त्या दिवशी दशमी आहे. दहा पाऊणे साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला पाणी चढलेले असेल आणि दुपारी दीडच्या सुमारास उतरलेले. वाळूवर चालायचे तर भर उन्हात चालावे लागेल, हे आम्ही दोघांनी इथे, सोलापुरात बसून, कागदावर काढले. ‘संध्याकाळी काय असेल?’ असे तिने विचारले. पुन्हा भरती, मी म्हणालो. ‘मग जेटीवर बसू,’ असे म्हणून तिने दोन उशांचे अभ्रे आणि एक पातळ पंचा पिशवीत भरला. चादर घेतलेली नाही.